पुण्यातील सार्वजनिक गृहनिर्माण आणि कर्जदाराची पत : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यानंतर पुण्यातील पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या व सार्वजनिक गृहनिर्माणाचे महत्त्व अधोरेखित झाले. पुढे १९७७ साली स्थापन झालेल्या म्हाडाने अल्प उत्पन्न गटांना भाडे-खरेदी तत्त्वावरही सदनिका दिल्या. या पद्धतीत विक्रेता हाच धनको होता. हप्ते फिटेपर्यंत मालकी त्याच्याकडेच राहत असल्याने कर्जदाराचा पूर्वेतिहास दुय्यम ठरे.

१९७७ मध्येच एचडीएफसीची स्थापना होऊन गृहकर्ज हा स्वतंत्र व्यवसाय बनू लागला. २००० साली सिबिल स्थापन झाली, २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला आणि कालांतराने व्यक्तीची पत ३०० ते ९०० या गुणांकांत मोजली जाऊ लागली. परिणामी, आज म्हाडाच्या सोडतीत यशस्वी ठरलेल्या अर्जदारास घराची किंमत मुदतीत भरण्यासाठी बहुधा बँकेकडे जावे लागते. सोडतीत उत्पन्नाची कमाल मर्यादा पाहिली जाते, तर बँकेत परतफेडीची नोंद. जुना हप्ता थकलेला कामगार आणि कधीच कर्ज न घेतलेली घरकामगार स्त्री यांची स्थिती वस्तुतः भिन्न. तथापि दोघांचीही वाट येथेच अडू शकते. तात्पर्य, घरांचे वाटप शासनाकडे राहिले. पतपारख मात्र बाजाराकडे गेली.