छायाचित्र सामायिकीकरण (अध्यापन साधन)

छायाचित्र सामायिकीकरण ही विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेली छायाचित्रे आंतरजालावरील सामाईक संग्रहात चढवून त्यांच्या आधारे अभ्यास करण्याची अध्यापनपद्धती आहे. यात छायाचित्रासोबत शीर्षक, वर्णन, स्थळ, दिनांक व वर्ग यांची नोंद करणे हा अध्ययनाचा मुख्य भाग मानला जातो.

पार्श्वभूमी

फ्लिकर हे संकेतस्थळ फेब्रुवारी २००४ मध्ये, तर विकिमीडिया कॉमन्स हा मुक्त संचिकासंग्रह सप्टेंबर २००४ मध्ये सुरू झाला. वारसास्थळांच्या छायाचित्रांची 'विकी लव्हज मॉन्युमेंट्स' ही स्पर्धा २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली. भारताने २०१२ मध्ये तीत प्रथम भाग घेतला.

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील अभ्यासविषय

* इतिहास : कंधार, औसा व उदगीर येथील भुईकोट किल्ले, होट्टल येथील चालुक्यकालीन मंदिरे आणि खरोसा लेणी. तटबंदी, खंदक, बुरूज व शिल्पे यांची स्वतंत्र छायाचित्रे घेतल्यास स्थापत्याची तुलना करता येते.
* भूगोल : २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. मांजरा नदीच्या पात्राची एकाच जागेवरून दर महिन्याला घेतलेली छायाचित्रे पाण्याच्या उपलब्धतेतील बदल दाखवतात.
* आपत्ती व्यवस्थापन : ३० सप्टेंबर १९९३ रोजीच्या किल्लारी भूकंपानंतर अनेक गावे नव्या जागी वसवण्यात आली. दगडमातीची जुनी घरे व पुनर्वसित घरे यांच्या बांधणीतील फरक छायाचित्रांतून अभ्यासता येतो.
* मराठी : प्रत्येक छायाचित्राचे अचूक वर्णन लिहिताना स्थानिक शब्दसंपत्तीची नोंद होते.

परवाना आणि कायदा

छायाचित्राचा प्रताधिकार सामान्यतः ते काढणाऱ्याकडे असतो. कॉमन्सवरील मुक्त परवान्यानुसार कोणालाही छायाचित्राचा व्यावसायिक वापरही करता येतो व दिलेला परवाना मागे घेता येत नाही. म्हणून चढवण्यापूर्वी विद्यार्थी व पालक यांना याची कल्पना देणे आवश्यक असते. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार वास्तूंची, तसेच सार्वजनिक ठिकाणी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पांची छायाचित्रे घेऊन प्रसिद्ध करता येतात. भित्तिचित्रे व फ्लेक्स फलक यांना ही सवलत लागू होत नाही.

मर्यादा आणि दक्षता

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील व्यक्तीच्या वैयक्तिक माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. त्यामुळे विद्यार्थ्यांचे चेहरे टाळून वस्तू व स्थळे टिपणे अधिक सुरक्षित ठरते. भ्रमणध्वनीवरील छायाचित्राच्या संचिकेत स्थानाची नोंद आपोआप साठलेली असू शकते. घर वा शाळेच्या छायाचित्रातून ती काढून टाकावी लागते. आपत्तिग्रस्त कुटुंबांच्या घरांची छायाचित्रे घेण्यापूर्वी त्यांची परवानगी घेणे उचित असते. प्रत्येक विद्यार्थ्याकडे भ्रमणध्वनी नसल्यास गटात एकच उपकरण वापरून छायाचित्रण, नोंद व वर्णन ही कामे वाटून घेता येतात.

हेही पहा

* विकिमीडिया कॉमन्स
* कंधारचा किल्ला
* १९९३ चा लातूर भूकंप