आधी कुत्री पडली

आजची गोष्ट 1974 ची. गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा, शेजारशेजारचे आदिवासी भाग. मका काढणीला आला आणि अवकाळी पाऊस लागला. कणसं भिजली, साठवायला नीट जागा नाही, बुरशी धरली. पण दुष्काळाने गांजलेली माणसं दुसरं खाणार काय? तोच मका दळला, आणि उरलेली भाकरी दारातल्या कुत्र्याला.

आधी कुत्री पडली. कावीळ, पोटात पाणी, दोन-तीन आठवड्यांत खेळ खलास. मग त्याच घरांतली माणसं. 200 हून जास्त गावं! नोंद झालेल्या 397 रुग्णांपैकी 106 गेले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांना त्या मक्यात अफ्लाटॉक्सिन सापडलं. हे बुरशीचं विष, थेट यकृतावर घाव घालणारं. भाकरी कितीही खरपूस भाजा, ते जात नाही.

तसं हे प्रकरण जुनंच. 1950 च्या दशकात अमेरिकेत कुत्री अशीच मरत होती. कारण कळेना, म्हणून नाव दिलं 'हिपॅटायटिस एक्स'. (आम्ही कोडमध्ये काही सुचलं नाही की व्हेरिएबलला एक्स म्हणतो, तसंच.) 1960 मध्ये इंग्लंडात शेंगदाण्याच्या पेंडीमुळे लाखभर टर्की मेल्या, तेव्हा कुठे हे विष हाती लागलं.

आता अकलूजला या. इकडे ऊस आहे तसा मकाही आहे, आणि वस्तीवरच्या कुत्र्याला शिळी भाकरी टाकायची पद्धतही. यकृत फार सोशिक. अर्धे सर्व्हर बंद पडले तरी साइट चालू राहते, तसं ते बराच काळ काम ओढतं. त्यामुळे डोळे आणि हिरड्या पिवळ्या दिसतात तोवर बराच उशीर झालेला असतो. त्याआधीची लक्षणं अगदी किरकोळ वाटणारी: खाणं कमी, सारखी उलटी, सुस्ती, पाणी जास्त पिणं, वजन उतरणं. चार दिवस असं दिसलं तर जनावरांच्या डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. एएलटी नावाचं एन्झाइम लक्षणांच्या आधीही वाढलेलं सापडू शकतं. पॅरासिटामॉल घरच्या घरी अजिबात देऊ नका. अंडी-मटणही मनाने बंद करू नका, पथ्य डॉक्टरच ठरवतील.

बुरशीचा वास येणारं पीठ मात्र त्याच दिवशी फेकायचं. आणि त्याच डब्यातली भाकरी घरात कोण कोण खातंय, तेही बघा.