परदेशात इंग्रजी शिकवायचंय? स्पेशलायझेशनच्या आधी देश ठरवा

'१२० तासांचा ऑनलाइन टेफल कोर्स करा, जगभर शिकवा.' देवळ्यात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्या तरुणाच्या मोबाईलवरही अशा जाहिराती येतात. फी भरायची वेळ आली की प्रश्न येतो, स्पेशलायझेशन कोणतं घ्यायचं? लहान मुलं, बिझनेस इंग्लिश, परीक्षेची तयारी की ऑनलाइन टीचिंग? याचं उत्तर आवडीपेक्षा पासपोर्टवर जास्त अवलंबून असतं, हे मात्र जाहिरातीत नसतं.

टेफल म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण. हे नाव कोणतीही संस्था वापरू शकते, त्यामुळे दर्जात मोठा फरक पडतो. केंब्रिजच्या 'सेल्टा'मध्ये मात्र खऱ्या विद्यार्थ्यांना ६ तास शिकवून दाखवावं लागतं. हा कोर्स मुळात प्रौढांना शिकवण्यासाठी आखलेला आहे.

भारतीयांसाठी दारं कुठे उघडी?

दक्षिण कोरियात इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा प्रामुख्याने अमेरिका, ब्रिटनसारख्या ७ देशांच्या नागरिकांना मिळतो. २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारामुळे भारतीयांना शाळेत सहायक शिक्षक होण्याची वाट आहे, पण ती अरुंद. त्यासाठी पदवीसोबत शिक्षक म्हणून पात्रताही लागते. व्हिएतनाममध्ये पदवी आणि टेफलसारखं प्रमाणपत्र मागतात. थायलंडमध्ये भारतीयांना इंग्रजीच्या परीक्षेचे गुणही दाखवावे लागतात. या दोन्ही देशांत मुलांना शिकवण्याचं काम भरपूर, म्हणून तिकडे जायचं असेल तर 'यंग लर्नर्स' हा सरळ पर्याय.

आखाती देशांचं गणित वेगळं. दुबई, मस्कतच्या सीबीएसई शाळा बी.एड. बघतात, तिथे टेफलचं ॲड-ऑन फारसं कामाचं नाही.

बिझनेस इंग्लिश ऐकायला भारी वाटतं. पण समोर बसलेला मॅनेजर मीटिंगमध्ये कसं बोलायचं हे विचारतो, तेव्हा स्वतः कधी ऑफिसात काम न केलेला शिक्षक अडतो. नोकरीचा अनुभव असेल तरच याचा विचार करावा. आयेल्ट्सच्या तयारीचं तसं नाही. ते काम नाशिकच्या क्लासमध्येही मिळू शकतं, व्हिसा लागत नाही.

ऑनलाइन टीचिंगवरच सगळी भिस्त ठेवणं धोक्याचं. जुलै २०२१ मध्ये चीनने शालेय मुलांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले आणि देशाबाहेर बसलेल्या परदेशी शिक्षकांकडून मुलांना शिकवून घेण्यावर बंदी घातली. एक मोठी बाजारपेठ जवळपास रातोरात बंद झाली.

कसमादेचा फायदा

'नेटिव्ह स्पीकर' नसणं ही कमतरता मानली जाते. पण घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि त्यानंतर इंग्रजी अशी वाट चाललेल्याला विद्यार्थी नेमका कुठे अडखळतो हे ठाऊक असतं. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवलं जातं. त्यामुळे मुलांना शिकवण्याचा सराव देवळ्यातल्याच एखाद्या शाळेत, मुख्याध्यापकांची परवानगी काढून करता येतो. हा अनुभव मुलाखतीत २०-३० तासांच्या ॲड-ऑनपेक्षा जड ठरू शकतो.

परदेशाचं नक्की नसेल, तर हैदराबादच्या इफ्लू या केंद्रीय विद्यापीठाचे इंग्रजी अध्यापनाचे दूरस्थ अभ्यासक्रमही आहेत. कोणत्याही कोर्सची फी भरण्याआधी हव्या त्या देशातल्या ५-६ नोकरीच्या जाहिराती वाचाव्यात. त्यात भारतीय पासपोर्ट चालतो का, हे आधी बघावं आणि स्पेशलायझेशन मागितलंय का, हे त्यानंतर.