बारा व्होल्ट जातात कुठे?



आज सुरुवात एका होडीपासून करू. पहाटेची वेळ आहे, बर्फ भरून झालाय, जाळी चढली आहेत. तांडेल चावी फिरवतो आणि इंजिनातून फक्त ‘टक्’ असा आवाज येतो. बॅटरीला मीटर लावला तर तो १२.६ व्होल्ट दाखवतो, म्हणजे बॅटरी भरलेली आहे. तरीही स्टार्टर फिरत नाही. धक्क्यावर हा नुसता वैताग. पण वारा होडीला खडकांकडे ढकलत असताना असं झालं, तर जिवाशी गाठ.

मग हे व्होल्ट जातात कुठे? हा प्रश्न जवळजवळ दोनशे वर्षं जुना आहे आणि त्याचं उत्तर एका शाळामास्तराने शोधलं.

साल १८२५, गाव कोलोन. तिथल्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणारे गेओर्ग ओम फावल्या वेळात प्रयोग करत होते. तार लांब केली की विजेचा जोर किती घटतो, हे त्यांना मोजायचं होतं. वीज पुरवायला होती व्होल्टाची बॅटरी आणि मोजायला चुंबकसुई. पण बॅटरी दगा देत होती. तार जोडली की सुई एकदम उसळायची आणि मग हळूहळू ओसरायची. त्यामुळे तारेत झालेली घट कोणती आणि बॅटरीतच झालेली कोणती, हे वेगळं काढता येईना. त्या वर्षी ओम यांनी जे सूत्र छापलं, ते चुकीचं निघालं.

तेव्हा ‘आनालेन’ या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकाचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी त्यांना सुचवलं, की बॅटरी सोडा आणि उष्णतेपासून मिळणारी वीज वापरा. ओम यांनी बिस्मथ आणि तांब्याची जोडणी केली. तिचा एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. आता पुरवठा स्थिर झाला. मग त्यांनी २ इंचांपासून १३० इंचांपर्यंतच्या आठ तारा एकेक करून जोडल्या आणि १८२६ मध्ये नियम हाती आला.

त्या नियमातली एक गोष्ट आपण विसरतो. ओम यांच्या भागाकारात खाली दोन संख्यांची बेरीज होती: एक तपासायच्या तारेची, दुसरी उरलेल्या सगळ्या मंडलाची. म्हणजे स्रोताचं पोट, सांधे, जोडण्या, सगळं त्यात आलं. तार बदलली तरी ही दुसरी संख्या तशीच राहायची. होडीतला चोर बहुधा याच दुसऱ्या संख्येत लपलेला असतो.

१८२७ मध्ये ओम यांचं पुस्तक आलं, पण मायदेशात त्याचं थंड स्वागत झालं. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं, ते थेट १८४१ मध्ये.

दरम्यान वीज होडीवर चढली होती. १८३८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला मोरिट्झ याकोबी यांनी नेव्हा नदीत विजेच्या मोटरवर होडी चालवली. जस्त आणि तांब्याच्या ३२० जोड्या, डझनभर माणसं आणि वेग मात्र चालणाऱ्या माणसापेक्षाही कमी. पुढच्या वर्षी त्यांनी ग्रोव्ह यांचे जस्त-प्लॅटिनमचे घट घेतले. या घटांचा व्होल्टेज जास्त आणि आतला रोध कमी. होडीचा वेग वाढला. घट किती आहेत याच्याइतकंच, भार पडल्यावर ते किती तग धरतात हेही महत्त्वाचं ठरलं.

आता परत आपल्या होडीवर येऊ. समजा, स्टार्टर २०० अँपिअर ओढतो. खाऱ्या हवेने गंजलेल्या एका सांध्याचा रोध आहे फक्त ०.०१ ओहम. गुणाकार केला तर २ व्होल्ट तिथेच गडप! पण भार नसताना धारा जवळजवळ शून्य, म्हणून घटही शून्य. मीटर खोटं बोलत नाही. आपण त्याला चुकीच्या वेळी विचारतो.

म्हणून मोजायचं ते कुणीतरी चावी फिरवत असताना. आधी बॅटरीच्या दोन खांबांवर मीटर लावा. आकडा साधारण साडेनऊच्या खाली कोसळला, तर संशय बॅटरीवर. तो टिकला, तर मीटरचं एक टोक धन खांबावर आणि दुसरं स्टार्टरच्या धन टोकावर ठेवा. खांबावर म्हणजे खांबावरच, त्याला धरलेल्या क्लॅम्पवर नव्हे. इथे एक-दोन व्होल्ट दिसले, तर चोर याच वाटेवर आहे. मग एकेक सांधा ओलांडत पुढे जा. ऋण बाजूही अशीच तपासा, कारण ती हमखास विसरली जाते. जिथे आकडा उडी मारेल, तिथे बहुधा हिरवी पूड, सैल नट किंवा आवरणाखाली काळी पडलेली तार सापडेल. बॅटरी सोडवून तो सांधा घासा, घट्ट करा, वर ग्रीस लावा. तार काळी पडली असेल, तर ती बदलाच.

बॅटरीतली घट आणि वाटेतली घट आधी वेगळी करा, हा धडा ओम स्वतः चुकून शिकले. न मोजता नवी बॅटरी विकत आणणं म्हणजे १८२५ ची तीच चूक, स्वतःच्या पैशाने पुन्हा करणं.