आंतरविद्याशाखीय पदवी : खर्च किती, हाती काय?

बारावीचा निकाल लागला की अमरावती-अकोल्याची मुलं आम्हाला हमखास विचारतात, "बीए आता चार वर्षांचं झालं का?" राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे तीन वर्षांनी पदवी मिळतेच, चौथं वर्ष ऑनर्ससाठी. एक मेजर विषय, जोडीला मायनर आणि काही क्रेडिट दुसऱ्या विद्याशाखेतून. कल्पना नवी नाही. बाबासाहेबांनी १९१५ मध्ये कोलंबियातून एम.ए. केलं ते अर्थशास्त्र मुख्य ठेवून, पण समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र सोबत घेऊन. आपल्या तालुक्याच्या कॉलेजात मात्र जे शिक्षक असतील तेच विषय निवडता येतात. म्हणून माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि यंदा कोणते पेपर खरोखर शिकवले जाणार ते विचारा.

अनुदानित कॉलेजात फी हा खर्चाचा लहान हिस्सा. खोली, मेस आणि एसटीचा पास हा मोठा. भारत सरकार पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीत (उत्पन्न मर्यादा अडीच लाख) साध्या पदवीच्या विद्यार्थ्याला निर्वाह भत्ता घरून येणाऱ्यास वर्षाला ३,००० आणि वसतिगृहात राहणाऱ्यास ६,००० रुपये. महिन्याला अडीचशे रुपयांत काय होतं, हे आम्ही सांगायला नको. उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर फ्रीशिप आहे. त्यात फी सुटते, भत्ता नाही.

बाहेरगावच्या मुलांना खरा आधार स्वाधार योजनेचा. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ही योजना आहे. भोजन, निवास आणि निर्वाह धरून अमरावतीसारख्या विभागीय शहरात वर्षाला ५१,०००, तर इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये. मागच्या परीक्षेत ५० टक्के गुण लागतात. पैसे हप्त्याने आणि उशिरा येतात, तोवर खोलीभाडं घरूनच भरावं लागतं. तेवढी तजवीज आधी करा.

आता हाती काय लागतं ते. एमपीएससी, यूपीएससीला कोणतीही मान्य पदवी चालते, तीन वर्षांचीसुद्धा. बी.एड. आणि शिक्षक भरतीत मात्र पदवीचा विषय पाहिला जातो, तेव्हा मेजर जपून निवडा. चौथ्या वर्षाचा फायदा संशोधनाकडे जाणाऱ्याला: ७५ टक्के गुण असतील (अनुसूचित जातीला ५ टक्के सवलत) तर एम.ए. न करता पीएच.डी.साठी अर्ज करता येतो, आणि एम.ए. केलं तरी ते एका वर्षात होतं. ज्याच्या घरी कमावणारं कुणी नाही, त्याने चौथं वर्ष घेताना बुडणारी मजुरीही हिशेबात धरावी.

पहिल्या-दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडायची सोय आम्हाला फसवी वाटते. प्रमाणपत्र किंवा पदविका मिळते, पण जाहिरातीत 'पदवीधर' लिहिलेलं असेल तिथे ती चालत नाही. परत यायचं तर तीन वर्षांच्या आत आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची. कुणी सोडायच्या बेतात असेल तर आधी शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर कुठे अडकला आहे ते पाहा. बऱ्याचदा आधारला न जोडलेलं बँक खातं एवढंच कारण निघतं.