शाळेविना दहावी

तळवडे : मुलाला घरीच शिकविणाऱ्या तळवडे, चाकण परिसरातील पालकाला अभ्यासापेक्षा दाखल्याची चिंता अधिक असते. राज्य मंडळाची दहावी बाहेरून देण्यासाठी १७ नंबरचा अर्ज भरावा लागतो आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो. ज्या मुलाने शाळेची पायरीच चढलेली नाही, त्याने तो आणायचा कोठून? शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे. मात्र त्यात घरच्या शिक्षणाचा उल्लेखच नाही.

अशा मुलांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, अर्थात ‘एनआयओएस’ सोयीची पडते. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे विभागीय केंद्र पुण्यात आहे. दहावीसाठी वय १४ पूर्ण हवे. आधी शाळेत शिकल्याचा पुरावा नसला, तरी हा अभ्यासक्रम आपल्याला झेपेल, असे विद्यार्थ्याने स्वतः लिहून दिले की पुरते. किमान पाच विषय घ्यावे लागतात. नोंदणी पाच वर्षे टिकते, त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि सुटलेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. मार्चच्या एकाच परीक्षेचा धसका घेणाऱ्या घरांना याचे नवल वाटावे! राज्यानेही २०१७ मध्ये पाचवी, आठवी, दहावी व बारावीसाठी मुक्त विद्यालय मंडळ स्थापन केले.

या प्रमाणपत्राचे मोल मुंबईतील घरी शिकलेल्या एका मुलीच्या उदाहरणातून कळते. आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमधील तीन पदकांच्या बळावर २०१६ मध्ये तिला अमेरिकेतील ‘एमआयटी’त प्रवेश मिळाला, बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने ‘आयआयटी’चे दार मात्र तिला बंदच होते.