डी मेजरचं वैभव आलं कुठून?

पाश्चात्त्य संगीतात डी मेजर म्हटलं की विजय, उत्सव, थाटमाट असं समीकरणच आहे. हँडेलचं १७४१ मधलं ‘हालेलुया’ डी मेजरमध्ये. बाखच्या १७३४ च्या ‘ख्रिसमस ऑरॅटोरिओ’ची सुरुवातही त्यातच. मग हे वैभव त्या स्वरातच आहे का? आजच्या पियानोवर सी मेजर घ्या किंवा डी मेजर, स्वरांतरं तीच राहतात. फक्त ‘सा’ बदलतो.

आता जरा वाद्यांकडे बघू. तेव्हाच्या ट्रम्पेटला व्हॉल्व्ह नव्हते. नळीची लांबी ठरलेली, त्यामुळे एकाच मूळ स्वराचे स्वयंभू स्वर तेवढे निघायचे. बाख-हँडेलच्या वाद्यवृंदात डी हा ‘सा’ असलेले ट्रम्पेट सर्रास असत. जोडीला दोन नगारे, एक षड्जात, दुसरा पंचमात. म्हणजे दरबारी थाट हवा तर ट्रम्पेट हवेत, आणि ट्रम्पेट हवेत तर बहुतेक वेळा डी, नाहीतर सी मेजर.

१८१८ मध्ये प्रशियात व्हॉल्व्हचं पेटंट निघालं आणि पुढे ट्रम्पेटवरचं हे बंधन हळूहळू सुटलं. तरी डी मेजर टिकला, कारण व्हायोलिन. त्याच्या मोकळ्या तारांपैकी डी आणि ए म्हणजे इथले सा आणि प. नाद कसा खुला घुमतो! बेथोवेनचा १८०६ चा, ब्राह्म्स आणि चायकोव्स्कीचे १८७८ चे व्हायोलिन कंचेर्टो, तिन्ही डी मेजरमध्येच आहेत.

तेव्हा या स्वराचा स्वभाव आधी वाद्यांनी घडवला. आपल्या कानांना त्याची सवय नंतर लागली.